सर्च जाहिरातींची पहिली मोहीम सुरू करताना

सर्च इंजिनवरील पे-पर-क्लिक जाहिरातीत पैसे ती दिसल्याबद्दल नव्हे, तर तिच्यावर क्लिक झाल्याबद्दल मोजावे लागतात. त्यामुळे क्लिक कोण करतो, हाच खरा प्रश्न असतो. २०१८ पासून ‘गूगल अ‍ॅड्स’ या नावाने चालणाऱ्या सेवेत जाहिरातींची जागा लिलावाने ठरते आणि त्यात बोलीच्या रकमेबरोबरच जाहिरात व तिच्यामागचे पान शोधणाऱ्याच्या कितपत उपयोगाचे आहे, हेही पाहिले जाते.

सुरुवात मोजक्या कीवर्डपासून, म्हणजे ज्यांच्या शोधावर जाहिरात दिसावी अशा शब्दांपासून, करावी. ‘कॅमेरा’ या एका शब्दावर बोली लावण्यापेक्षा ‘जुना कॅमेरा दुरुस्ती’ असा शब्दसमूह घ्यावा, मॅच टाइप (शोध कीवर्डशी कितपत जुळावा, याची निवड) ‘फ्रेज’ किंवा त्याहून काटेकोर ‘एक्झॅक्ट’ ठेवावा आणि जाहिरातीचा दुवा मुखपृष्ठाऐवजी थेट दुरुस्तीच्या पानावर न्यावा. ‘फुकट’, ‘नोकरी’, ‘कोर्स’ यांसारखे शब्द निगेटिव्ह कीवर्डच्या, म्हणजे ज्यांच्या शोधावर जाहिरात दिसू नये अशा शब्दांच्या, यादीत आधीच टाकावेत. या यादीकडे दुर्लक्ष करणे सर्वांत महागात पडते.

कन्व्हर्जन ट्रॅकिंग, म्हणजे क्लिकनंतर खरेदी किंवा चौकशी झाली का याची नोंद, मोहीम सुरू होण्याआधीच बसवावे. रोजचे बजेट बेताचे ठेवावे. मात्र एखाद्या दिवशी खर्च त्याच्या दुपटीपर्यंत जाऊ शकतो, हे ध्यानात असू द्यावे. दर आठवड्याला ‘सर्च टर्म्स’ अहवाल उघडून लोकांनी प्रत्यक्षात काय टाइप केले ते वाचावे आणि गैरलागू शब्द निगेटिव्ह यादीत टाकत जावेत.