अनुस्वार पाण्यात पडतो: प्लाझ्मावर नावाच्या पाट्या कापताना

माझी पहिली पाटी 'श्रीकृपा' होती. शिरोली एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. स्क्रीनवर नाव झकास दिसत होतं. प्लाझ्मा कटरची टॉर्च, म्हणजे विजेच्या ज्वाळेनं पत्रा कापणारं टोक, फिरली, आणि अख्ख्या नावाऐवजी सुटे तुकडे टेबलाच्या पट्ट्यांमधून खालच्या पाण्यात. मिस्त्रींनी एवढंच विचारलं, "कोरलमध्ये वेल्ड मारलंस का रं?"

मारलं नव्हतं. कोरल म्हणजे कोरलड्रॉ, नाव डिझाइन करायचं सॉफ्टवेअर, आणि वेल्ड म्हणजे त्यात एकमेकांवर चढलेले आकार जोडून एक करणं. फॉन्टमधलं प्रत्येक अक्षर आपल्यापुरती शिरोरेघ घेऊन येतं आणि शेजारच्यावर जरा चढतं. डोळ्याला रेघ सलग वाटते, मशीनला मात्र प्रत्येक अक्षराची कड वेगळी दिसते आणि ती तिथून कापत जाते. म्हणून आधी टेक्स्टचे कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार, मग वेल्ड, मग वायरफ्रेममध्ये, म्हणजे फक्त कडा दिसतात त्या दृश्यात, बघा. शिरोरेघेत एक जरी आडवी-उभी रेष शिल्लक दिसली तर फाइल पुढे देऊ नका.

एकदा जोडली की हीच शिरोरेघ आपल्या कामाची. इंग्रजी नावाची सुटी अक्षरं धरायला खाली पट्टी द्यावी लागते, आपलं नाव रेघेलाच लटकतं. अडतं ते अनुस्वारापाशी. 'नंदादीप'मधला ठिपका कशालाच चिकटलेला नसतो, तो थेट पाण्यात. मी तो खाली ओढून तीनेक मिलिमीटरच्या मानेनं रेघेला जोडतो. गिऱ्हाइकाला सहसा कळतही नाही. उलट, पत्र्यातून अक्षरं कोरून काढायची असतील तर व, ब, क, प, ठ यांच्या पोटातला पत्रा गळून पडतो, तिथे ब्रिज, म्हणजे पोट धरून ठेवणाऱ्या न कापलेल्या पट्ट्या, ठेवावे लागतात. नुसत्या एका ब्रिजवर पोट हलतं. जमेल तिथे दोन द्या.

आता कापाची रुंदी. ज्वाळा रेष कापत नाही, पट्टी खाते. टॉर्चच्या तोंडाला बारीक कामाचं नोझल लावूनही ती साधारण एक मिलिमीटर धरा, साध्या नोझलला दीडपर्यंत. ती भरपाई सॉफ्टवेअरमध्ये दिली नाही तर तीन मिलिमीटरची वेलांटी दोनची होऊन हातात येते. दिली तरी दोन वळणांमधली एक मिलिमीटरची फट कापायला टॉर्च आत शिरणारच नाही. दोन मिलिमीटरच्या एमएस (साध्या लोखंडी) पत्र्याला माझा नियम असा: कुठलीही दांडी चार मिलिमीटरच्या खाली नाही, भोकही तेवढंच. कुणी इंचभर उंचीच्या अक्षरात श्लोक मागितला तर मी सरळ लेझरवाल्याकडे पाठवतो. हट्टानं घेतलेला असा जॉब ग्राइंडरवरच संपतो.

फोटोवरून ट्रेस केलेल्या गणपतीत शेकड्यांनी नोड, म्हणजे रेषेवरचे बिंदू, असतात. मशीन प्रत्येक नोडला अडखळतं आणि कड करवतीसारखी येते. नोड कमी करा, सोंडेला आठ-दहा पुरतात.

कापाची दिशा मला कुणी सांगितली नव्हती, मार खाऊन कळली. नोझलमधून हवा गरगरत बाहेर पडते, त्यामुळे टॉर्च पुढे जाताना उजवी कड सरळ येते आणि डावी तिरकी. म्हणून बाहेरची कड घड्याळाच्या दिशेनं, आतली भोकं उलट. आतलं सगळं आधी, बाहेरची कड शेवटी, आणि भोक पाडायची सुरुवात नेहमी भंगारात जाणाऱ्या बाजूला.

कोपऱ्यात मशीन हळू होतं, तिथे जास्त लोखंड वितळतं, व्होल्टेज चढतं, आणि उंची सांभाळणारा कंट्रोल टॉर्च वर गेली असं समजून ती खाली दाबतो. अरुंद जागेत मी तो बंद ठेवतो, पण मग पत्रा सपाट हवा. आमच्याकडे भोक पाडताना पावणेचार मिलिमीटर आणि कापताना दीड अशी उंची चालते. तुमच्या मशीनच्या पुस्तकात जे असेल ते धरा, अंदाजाला जाऊ नका.

खाली जाड, हातानं निघणारं स्लॅग (वितळून चिकटलेलं लोखंड) आलं तर वेग कमी आहे. बारीक, घट्ट चिकटलेली कड आली तर वेग जास्त आहे. यातलं काहीच जुळत नसेल तर नोझल काढून उजेडात धरा. भोक जरा लांबट दिसलं की गेलं ते. नोझलच्या आतल्या इलेक्ट्रोडच्या टोकाचा खड्डा दीड मिलिमीटरवर गेला की तोही बदला. पावसाळ्यात हे भाग पटापट जातात, कारण कंप्रेसरमधून पाणी येतं. टाकीचा कॉक रोज सकाळी सोडायचा. पहिल्या जुलैत मी ते विसरलो आणि एका दिवसात चार नोझल घालवले, त्यानंतर महिनाभर कॉक सोडायचं काम माझ्याकडेच होतं.

गॅल्व्हनाइज्ड पत्रा स्वस्त मिळाला म्हणून घेऊ नका. जस्ताच्या धुरानं रात्री थंडी वाजून ताप भरतो. ॲल्युमिनियम पाण्याच्या टेबलावर कापायला कुणी सांगितलं तर आधी मिस्त्रींना विचारा, पाण्यात हायड्रोजन साठून भडका उडतो. चष्मा वेल्डिंगच्या काळ्या काचेचाच, उन्हाचा गॉगल चालत नाही.

आणि पावडर कोटिंगवाल्याला पाटी देण्याआधी फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची घासायची चकती) मागूनही फिरवा. मागची कड बघायला कुणी येत नाही, पण पाटी भिंतीला लावणाऱ्याच्या बोटाला ती लागते.