चुकलेल्या वजाबाकीमागचा विचार कसा ओळखायचा

तिसरीच्या वर्गाला ५२ − २८ हे गणित घातलं की चुकीची तीन उत्तरं हटकून येतात: ३६, ३४ आणि २५. तिन्हींवर लाल फुली मारली की ती सारखीच दिसतात. प्रत्यक्षात त्यांची कारणं वेगवेगळी आहेत. तिघांनाही ‘आणखी दहा गणितं सोडवून आण’ असा एकच गृहपाठ दिला, तर प्रत्येक मूल आपापली चूक दहा वेळा गिरवून आणतं.

३६ लिहिणारं मूल एककाच्या घरात ८ मधून २ काढतं, कारण पहिलीपासून त्याने ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हेच ऐकलंय. ३४ लिहिणाऱ्याने हातचा घेतला, १२ मधून ८ बरोबर काढले, पण दशकातले ५ तसेच ठेवले. २५ वाल्याची रीत पूर्ण बरोबर आहे. बोटांवर उलटं मोजताना पहिलं बोट त्याने ‘बारा’वरच मुडपलं, म्हणून तो पाचावर थांबला. जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये वजाबाकीतल्या अशा चुकांचा पद्धतशीर अभ्यास मांडला. मुलांच्या बऱ्याच चुका निष्काळजीपणातून येत नाहीत. एक चुकीचा नियम ती मुलं अगदी प्रामाणिकपणे पाळत असतात. डी.एल.एड., बी.एड.ला शिकलेलं मानसशास्त्र वर्गात सर्वांत आधी कामी येतं ते इथे.

आधी गणितं नीट निवडा

निदानासाठी कोणतीही वजाबाकी चालत नाही. ५२ − २७ घेऊन पाहा. मोठ्यातून लहान काढणारा ३५ लिहितो आणि दशक कमी करायला विसरणाराही ३५च लिहितो. एककाच्या दोन अंकांत ५ चा फरक असला की या दोन्ही चुकांचं उत्तर एकच येतं आणि कारण कळायला जागाच राहत नाही. स्वतः तयार केलेल्या चाचणीत सर्वांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून फरक ५ नसलेलेच आकडे घ्या.

सात गणितं पुरतात: ६८ − २५, ५२ − २८, ८१ − ३७, ५० − २३, ७० − ४६, ३०४ − १४७ आणि एक तोंडी: ‘द्राक्षांचे ४१ क्रेट भरले, १८ गाडीत चढवले, खाली किती उरले?’ पहिल्यात हातचा नाही. तेच चुकलं तर अडचण हातच्याच्याही आधीची आहे. एका जातीची दोन गणितं मुद्दाम दिली आहेत. एकदा चुकलं तर ती नजरचूक असू शकते. दोन्हीकडे तीच चूक झाली, म्हणजे ८१ − ३७ ला ५६ आलं, तर तो नियम आहे असं समजा.

शून्याची उत्तरं वेगळी तपासा. ५० − २३ ला ३३ आलं तर ती मोठ्यातून लहानचीच चूक. ३० आलं तर मूल ‘शून्यातून काही जात नाही’ म्हणून शून्यच लिहितं. ३०४ − १४७ ला १६७ आलं तर शतकाकडून आणलेल्या दहामधून एक दशक एककाला दिलंय, हे मूल विसरलं. २५७ आलं तर दशकात ९ केले, पण शतक तसंच राहिलं. बरोबर उत्तर १५७.

पाचेक मिनिटं श्रुतलेखनही घ्या: त्रेसष्ट, सत्तेचाळीस, एकोणसाठ. मराठीत एकक आधी बोलला जातो, म्हणून त्रेसष्टचे ३६ होतात. एकोणसाठमध्ये ‘साठ’ ऐकू येतं, म्हणून ६९ लिहिलं जातं. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘साठ तीन’ असं संख्यावाचन आणलं, त्यामागे हीच अडचण होती. त्यावर वाद पुष्कळ झाला, पण अडचण खरी आहे. संख्या लिहिण्यातच गफलत असेल तर आधी तीच दुरुस्त करा.

मग मुलाला बोलू द्या

वहीवरून अंदाज येतो, खात्री मुलाच्या तोंडूनच होते. एका मुलाला तीन मिनिटं पुरतात. मधल्या सुट्टीआधी दोघातिघांना जवळ बसवून घ्या आणि म्हणा, ‘हे गणित बोलत बोलत कर, तू काय करतोस ते मला ऐकायचंय.’ बरोबर-चूक काही सांगू नका. प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या निरीक्षणात शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबत असत. हा अवधी तीन सेकंदांच्या पुढे नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागली. तीन सेकंदांची शांतता सुरुवातीला फार जड वाटते. तरी थांबा.

नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा, पेठ भागात घरी कोकणा बोलणारं किंवा कळवण, बागलाणकडचं अहिराणी बोलणारं मूल प्रमाण मराठीत गप्प बसेल, पण घरच्या बोलीत सगळं सांगेल. त्याला बोलीत बोलू द्या. तुम्हाला कळलं नाही तर शेजारच्या मुलाला विचारा.

हजेरीही पाहा. द्राक्षांच्या कामासाठी कुटुंबं दिंडोरी, निफाडकडे उतरतात, तेव्हा मुलंही बरोबर जातात. हातचा शिकवला त्या आठवड्यात मूल शाळेत नसेल, तर त्याचा गैरसमज झालेला नाही, त्याच्यापर्यंत ते पोचलेलंच नाही. त्याला उपचारात्मक वर्गात न बसवता तो धडा पहिल्यापासून शिकवा. फळा नीट दिसतो का, हेही एकदा विचारून घ्या.

काड्या, चित्र, अंक

मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी शिकण्याच्या तीन पातळ्या सांगितल्या: कृती, चित्र आणि चिन्ह. हातच्याला ही मांडणी चपखल बसते. पाच मुलांच्या गटाला खराट्याच्या ७० काड्या द्या: दहा-दहाचे पाच गठ्ठे रबर लावून आणि २० सुट्या. रबर मुलाने स्वतः काढायला हवं. न सुटणारे प्लॅस्टिकचे दांडे इथे कमी पडतात, कारण ‘गठ्ठा सुटला’ हा अनुभवच त्यांत नाही.

५२ मांडायला सांगा: पाच गठ्ठे, दोन सुट्या. आता २८ द्यायला सांगा. आठ सुट्या काड्या हातात नाहीत हे ३६ वाल्याला दिसतं आणि ‘मोठ्यातून लहान’ हा नियम तिथेच अडतो. मूल अडखळलं की लगेच ‘गठ्ठा सोड’ सांगू नका. ‘आता काय करता येईल?’ एवढंच विचारा. गठ्ठा सुटल्यावर चार गठ्ठे आणि बारा सुट्या उरतात. त्याच क्षणी वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहायला लावा. काड्या आज आणि अंक उद्या केले तर मुलाला ते दोन वेगळे विषय वाटतात. बहुतेक वर्गांत उपक्रम छान होतो आणि वहीत चुका तशाच राहतात, त्याचं कारण हेच. अशी चार-पाच गणितं झाली की काड्यांऐवजी रेघा आणि ठिपके काढा, मग नुसते अंक.

३४ लिहिणाऱ्यासाठी ‘शेजाऱ्याकडून दहा उसने घे’ हे वाक्य सोडून द्यावं असं माझं ठाम मत आहे. उसने घेतलेले परत करायचे असतात, मग शेजाऱ्याचं कमी कशाला होईल? ‘गठ्ठा सोडला’ म्हटलं की एक गठ्ठा कमी झाल्याचं डोळ्यांना दिसतं. ३०४ साठी एका गटाने सर्वांसमोर शंभराची मोळी सोडून दहा गठ्ठे करावेत आणि त्यातला एक सोडावा. दशकात ९ कुठून आले, हे तिथे कळतं.

२५ वाल्याला काड्यांची गरज नाही. त्याला बेरीज १० येणाऱ्या जोड्या पक्क्या हव्यात आणि ‘बारातून दोन गेले की दहा, दहातून आणखी सहा’ अशी उडी यायला हवी. त्याची रोज पाच मिनिटं तोंडी तयारी घ्या. मनात एका वेळी मावणाऱ्या गोष्टी थोड्याच असतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये सातच्या आसपास आकडा सांगितला होता, नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. बोटं मोजण्यात ती सगळी जागा गेली की हातचा लक्षात राहायला उरतच नाही. सूचनाही एका वेळी एकच द्या.

नंतरचे तीन आठवडे

आज जमलं म्हणजे शिकलं असं नाही. विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, हे एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्येच दाखवलं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, तर न बघता आठवून लिहिणारे आठवड्यानंतर पुढे गेले. म्हणून दुसऱ्या, चौथ्या आणि आठव्या दिवशी परिपाठानंतर वही बंद ठेवून पाटीवर तीन-तीन गणितं घ्या. बेरीज आणि वजाबाकी मिसळून द्या. सगळं पान वजाबाकीचंच असेल तर मूल चिन्ह वाचतच नाही.

शाबासकी कामाला द्या: ‘गठ्ठा सोडल्यावर लगेच दशक बदललंस, ते छान केलंस.’ म्युलर आणि ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ असं कौतुक झालेली मुलं पुढच्या अपयशानंतर लवकर खचली. आणि मूल ‘बघून शिकणारं’ की ‘ऐकून शिकणारं’ अशा याद्या करण्यात वेळ घालवू नका. त्यानुसार शिकवल्याने शिकणं सुधारतं, याला पुरेसा आधार २००८ च्या सविस्तर आढाव्यात सापडला नाही.

एकविसाव्या दिवशी आकडे बदलून मूळची सातही गणितं पुन्हा घ्या, एककातला फरक ५ नाही हे पाहून. एखाद्या मुलाची जुनी चूक फक्त शून्याच्या गणितात परत आली, तर त्याला तेवढाच भाग काड्यांवर द्या. सहा आठवडे काड्यांवर काम करूनही आठ काड्या आणि सहा काड्यांत जास्त कुठे आहेत हे मोजल्याशिवाय सांगता येत नसेल, तर स्वतः कुठलंही नाव चिकटवू नका. त्याच्या वह्या आणि तुमच्या नोंदी घेऊन गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा.