एअरबॅगचा दिवा विझत नाही? आधी सीटखाली वाकून बघा

रंगपंचमीला इंदूरच्या राजवाड्याची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, बघून आम्ही गाडीपाशी आलो, तेव्हा भाचा नखशिखांत भिजलेला होता. सीटवर टॉवेल टाक म्हटलं, तर म्हणाला, "मामा, रामबाग काय लांब आहे?" लांब नव्हतंच, पण गेरच्या गर्दीत तेवढ्यालाच पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी गुलालाचे डाग काढायला मी सीटवर शॅम्पूचं पाणी ओतलं, ब्रशनं घासलं, सीट चार वेळा पुढेमागे केली. तिसऱ्या दिवसापासून शेजारी कोणी नसतानाही गाडी "बेल्ट लावा" म्हणून पीं-पीं करू लागली. आठवड्याभरात एअरबॅगचा दिवाही लागला आणि विझायचं नाव घेईना.

मी मेकॅनिक नाही. पण या भानगडीत दोन वर्कशॉपच्या पायऱ्या चढलो आणि घरच्या घरी काय बघता येतं, कुठे हात आवरायचा, हे नीट कळलं. ते क्रमानं सांगतो.

दिवा कोणता, हे आधी ओळखा

अंगावर तिरपा पट्टा घेतलेला माणूस दिसतो, तो बेल्टचा दिवा. बसलेल्या माणसासमोर फुगा दिसतो, तो एअरबॅगचा. काही गाड्यांत तिसराही असतो: डॅशबोर्डच्या मधोमध किंवा छताच्या लाइटपाशी, शेजारच्या सीटची एअरबॅग बंद असल्याचं सांगणारा. तो लागला म्हणजे बिघाडच असं नाही. अशा बऱ्याच गाड्यांत डाव्या दाराकडच्या बाजूला, डॅशबोर्डच्या कडेला, किल्लीनं फिरवायचा स्विच असतो. तो कोणी फिरवलाय का, एवढं पाहा.

आता इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन ऑन करा आणि मनात आकडे मोजा. एअरबॅगचा दिवा लागून साधारण ४ ते ७ सेकंदांत विझला पाहिजे. विझलाच नाही, तर सिस्टिमला बिघाड सापडलाय. विझून गतिरोधकावर पुन्हा लागला, तर बहुतेक कुठेतरी जोड सैल आहे. आणि मुळीच लागला नाही, तर खूश होऊ नका. दिवा गेलाय किंवा कोणीतरी मुद्दाम काढून ठेवलाय. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा ही मोजणी विसरू नका.

दिवा पेटलेला असेल, तर अपघातात एअरबॅग उघडणार नाही असंच धरून चाला. बिघाड एकाच वायरीत असला तरी बऱ्याच गाड्या अख्खी सिस्टिम बंद ठेवतात. गाडी चालते, बेल्टही धरतो, त्यामुळे वर्कशॉपपर्यंत सावकाश न्यायला हरकत नाही. घरच्यांना घेऊन उज्जैनला जायचा बेत मात्र मी पुढे ढकलला.

शेजारच्या सीटचा सेन्सर

आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा सेन्सर वजनकाटा नसतो. सीटच्या कापडाखाली, फोमवर, प्लॅस्टिकची एक पातळ चटई असते आणि तिच्यात दाबानं जुळणारे पॉइंट असतात. पुरेसे पॉइंट दाबले गेले की गाडी समजते, कोणीतरी बसलं. म्हणून सराफ्याच्या खाऊगल्लीतून आणलेली पाच किलो शेवेची पिशवीही तिला पाहुणा वाटते. महाग गाड्यांत प्रकार वेगळा असतो. तिथे सीटखाली जेलची पिशवी किंवा सीटच्या पायांत ताण मोजणारे सेन्सर असतात. ते खरोखर वजन मोजतात आणि मूल बसलंय की मोठा माणूस, हे बघून एअरबॅग चालू ठेवायची की बंद ते ठरवतात. अशी सीट कोणी खोलली असेल, तर नंतर स्कॅनरनं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रानं, तिचा शून्य पुन्हा ठरवून घ्यावा लागतो.

तपासायचं असं: सीट पूर्ण रिकामी करा, उशी, पर्स, छत्री सगळं उचला. बाजारातून चढवलेलं जाड सीट कव्हर असेल तर तेही काढा, कारण घट्ट कव्हर चटई सतत दाबून धरतं. इग्निशन ऑन करा. पीं-पीं थांबली, तर दोषी सापडला. नाही थांबली, तर तळहातानं सीट जागोजागी दाबून सोडा. एखादा पॉइंट चिकटलेला असला तर आवाज मधूनच बंद-चालू होतो. मग घरातल्या मोठ्या माणसाला सरळ, पाठ टेकवून बसवा. सीटच्या कडेला टेकून बसलं की सेन्सर गोंधळतो.

सीट ओली असेल तर वाळू द्या, आणि हे काम घाईचं नाही. वरचं कापड दोन तासांत कोरडं लागतं, फोम आतून दोन-तीन दिवस ओलाच राहतो. मी काचा बोटभर उघड्या ठेवून गाडी उन्हात लावली आणि रात्री घरचा पंखा सीटकडे करून ठेवला. हेअर ड्रायरचा मोह टाळा, गरम झोतानं चटई खराब होऊ शकते. चौथ्या दिवशी माझी पीं-पीं गेली. एअरबॅगचा दिवा मात्र तसाच.

आता टॉर्च घ्या

सीट पार मागे सरकवा आणि पुढून वाकून बघा. मग पार पुढे घेऊन मागून बघा. पिवळ्या रंगाचे कनेक्टर किंवा पिवळं आवरण असलेली वायर दिसेल. एअरबॅग आणि बेल्ट आवळणाऱ्या यंत्रणेच्या वायरिंगला बहुतेक कंपन्या हाच रंग देतात, तो दिसला की हात मागे घ्यायचा. फक्त डोळ्यांनी पाहा: वायर ताणली जातेय का, कनेक्टर अर्धवट बसलाय का, त्यावर हिरवट-पांढरा थर आलाय का, उंदरांनी कुरतडलंय का. सीटखाली कोंबलेला डबा, पाण्याची बाटली, चार्जरची वायर बाहेर काढा. आमच्या सीटखाली दिवाळीतल्या चिवड्याचा रिकामा डबा निघाला, तो कोणी ठेवला यावर घरात अजून एकमत नाही.

बेल्टच्या बक्कलमध्येही टॉर्च मारा. आत नाणं, चिंचोका, शेवेचा चुरा असं काहीही सापडतं. बेल्ट दहा वेळा लावून काढा आणि दिवा दरवेळी नेमका बदलतो का ते बघा.

पिवळा कनेक्टर इग्निशन ऑन असताना हलवू नका. मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प तर अजिबात लावू नका, कारण एअरबॅग पेटवणारी सुरसुरी अगदी थोड्या करंटवर उडते. पापणी लवायच्या आत, साधारण ३० मिलिसेकंदांत, बॅग फुगलेली असते. बॅटरी काढली तरी धोका लगेच टळत नाही. धडकेत बॅटरी तुटली तरी बॅग उघडावी म्हणून एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे तिच्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, थोडी वीज साठवलेली असते. म्हणून मिस्त्री निगेटिव्ह टर्मिनल काढून थांबतात, काही गाड्यांत ९० सेकंद, काहींत कित्येक मिनिटं. हे काम त्यांनाच करू द्या.

दोन गोष्टी मात्र ड्रायव्हरच्या सीटवरून कळतात. हॉर्न वाजत नाही, स्टिअरिंगवरची बटणं मेली आहेत आणि एअरबॅगचा दिवाही आहे, असं असेल तर बहुधा क्लॉक स्प्रिंग गेली. ही स्टिअरिंगमधली, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल. आणि बॅटरी मरगळलेली असेल, स्टार्टर कण्हत असेल, तर व्होल्टेज पडल्यामुळेही दिवा लागू शकतो.

वर्कशॉपमध्ये काय विचाराल

बिघाड सापडला की गाडी त्याचा कोड नोंदवून ठेवते. मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनचे, म्हणजे 'पी'नं सुरू होणारे कोड वाचतात. एअरबॅगचे कोड सहसा 'बी'चे असतात आणि त्यांना एअरबॅगचं कंट्रोल युनिट वाचणारा स्कॅनर लागतो. कोड पुसण्याआधी लिहून घ्या आणि विचारा: हा आत्ताचा बिघाड आहे की जुनी नोंद? पुसून लगेच परत आला, तर बिघाड जिवंत आहे.

पहिल्या वर्कशॉपनं मला कोड न दाखवताच कंट्रोल युनिट बदला म्हणून सांगितलं. दुसरीकडच्या म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियननं स्कॅनर लावला, कोड शेजारच्या सीटच्या सर्किटचा निघाला. त्यानं सीटखाली वाकून पाहिलं आणि विचारलं, "भिया, सीट किसने धोई?" बॅटरी काढून त्यानं कनेक्टर साफ केला, नीट बसवला, वायर ताणणार नाही अशी बांधली आणि कोड पुसला.

दिवा घालवायचे चोरटे उपायही सुचवले जातात. एअरबॅगच्या जागी छोटा रेझिस्टर जोडला की कंट्रोल युनिट फसतं, दिवा विझतो, बॅग मात्र नसते. पीं-पीं बंद करायला बक्कलमध्ये खोचायची नकली क्लिप त्याच जातीची. २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ऑनलाइन दुकानांना अशा क्लिपा विक्रीतून काढायला लावल्या. बेल्टशिवाय बसलेल्या माणसावर एअरबॅग उघडली तर तीच जबर इजा करू शकते. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची सूचना सक्तीची आहे आणि २०२२ पासून शेजारच्या सीटची एअरबॅगही.

सीटच्या पाठीत साइड एअरबॅग असेल तर नवं कव्हर घेताना त्या बाजूची शिलाई उघडणारी आहे ना, ते विचारा. तान्ह्या बाळाची मागे तोंड असलेली सीट चालू एअरबॅगसमोर कधीच नको, ती मागच्या सीटवर.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी पुन्हा इग्निशन ऑन करून मोजा. मग मिस्त्रीला शेजारी बसवून खड्ड्याच्या रस्त्यावर एक चक्कर मारा आणि सीट एकदा पुढेमागे सरकवा. माझा दिवा पाचव्या सेकंदाला विझला आणि राऊपर्यंत जाऊन आलो तरी परत लागला नाही.