फिक्स्ड लेन्सच्या कॅमेऱ्याला कन्व्हर्टर घ्यायचाय? आधी अंदाज असा बांधा

फुजीचा एक्स१०० (याची लेन्स बदलता येत नाही) घेताना सगळे म्हणतात की ३५ एमएम पुरे आहे, आणि मग जुन्या वाड्याच्या चौकात उभं राहिलं की मागे सरकायला जागाच नसते, तिथून कन्व्हर्टरची, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायच्या जास्तीच्या लेन्सची शोधाशोध सुरू होते. वाइड कन्व्हर्टरने फ्रेममध्ये जास्त मावतं, टेलीने लांबचं जवळ येतं.

सगळ्यात आधी लेन्सची पुढची रिंग बघा. एक्स१००ची रिंग फिरवली की निघते आणि आत आटे दिसतात, कन्व्हर्टर थेट त्यावरच बसतो. फिल्टर लावायचा असेल तर मात्र एआर-एक्स१०० ही अडॅप्टर रिंग लागते, तिच्यावर ४९ एमएमचा फिल्टर बसतो. एक्स१००व्ही आणि एक्स१००व्हीआय या नव्या मॉडेलना (पुढे नुसतं व्ही, व्हीआय) पाऊस-धुळीपासून पूर्ण संरक्षणही ही रिंग आणि तिच्यावर प्रोटेक्टर फिल्टर लावल्यावरच मिळतं, म्हणजे पावसाळ्यात किल्ल्यावर जाणार असाल तर पहिला खर्च हाच.

मग साधा गुणाकार करा. वाइडचा आकडा ०.८, म्हणजे ३५ चे २८ होतात. टेलीचा १.४, म्हणजे जवळपास ५०. आता स्वतःला विचारा की यातलं काय क्रॉप करून, म्हणजे फोटोच्या कडा नंतर कापून भागेल? व्हीआयचा सेन्सर ४० मेगापिक्सेलचा आहे, ५० एमएमइतका क्रॉप केला तरी साधारण २० उरतात, म्हणून माझं मत विचाराल तर व्हीआयवाल्यांनी टेलीच्या नादी लागू नये, वजन वाढतं आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात त्याचं बूड दिसत राहतं ते वेगळंच. वाइडचं तसं नाही, फ्रेमच्या बाहेर राहिलेलं क्रॉप करून कुठून आणणार!

सेकंडहँड घेताय? कन्व्हर्टरची पहिली आणि दुसरी आवृत्ती काचेच्या बाबतीत सारखीच. दुसरीत फक्त चुंबक आहे, त्यामुळे एक्स१००एफपासून पुढचे कॅमेरे तिला आपोआप ओळखतात. जुनी स्वस्तात मिळाली तर घ्या, फक्त लावल्या-काढल्यावर मेनूत जाऊन कन्व्हर्जन लेन्स निवडायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा डिस्टॉर्शन (लेन्समुळे वाकलेल्या रेषा) भलतंच दुरुस्त करत बसतो.

पुढचं मॉडेल येणार अशी कुजबुज सुरू झाली की लोक विचारतात, जुना कन्व्हर्टर चालेल का. आकडे बघा: फोकल लेंथ तीच २३ एमएम (फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात हीच वरची ३५), अॅपर्चर तेच एफ/२ आणि पुढची रिंग निघणारी असेल तर आशा ठेवायला हरकत नाही. व्हीमध्ये २०२० साली लेन्सची रचना बदलली तरी जुने कन्व्हर्टर चालले, कारण कंपनीने तसंच ठरवून केलं होतं. उलट रिको कंपनीचं बघा, त्यांचे जीआर थ्री आणि थ्रीएक्स हे फिक्स्ड लेन्सचे कॅमेरे दिसायला जुळे, पण एकाची लेन्स १८.३ एमएम आणि दुसऱ्याची २६.१, त्यामुळे दोघांचे कन्व्हर्टर वेगळे आणि अडॅप्टरसुद्धा वेगळे.

आणि ४९ एमएमचे आटे बघून ते दोन-चार हजारांचे बिननावाचे वाइड अटॅचमेंट घेऊ नका, बसतात झक्क पण कडा पार धुऊन निघतात.

हो, टेली घेतलाच तर त्याच्या तोंडावर ६७ एमएमचा फिल्टर लागतो, ४९चा जुना संच वाइडवर मात्र चालतो.