घर सावरलं का, हे मोजायचं कसं

मी अडचणीतल्या लेकरांच्या घरी जाणारी समाजकार्यकर्ती. माझ्या रजिस्टरात आधी एकच आकडा असायचा, गृहभेटी किती. त्यावरून माझी स्कूटी किती पळाली ते कळायचं, लेकराचं काय बदललं ते नाही.

म्हणून दोन रकाने वेगळे करा. बाल संगोपन योजनेचे, म्हणजे अडचणीतल्या मुलांसाठीच्या सरकारी योजनेचे, महिन्याचे २२५० रुपये खात्यात आले, ही मदत. त्यामुळे पोरगी शाळेत टिकली, हा परिणाम.

लेकराची पहिली नोंद मे महिन्यात घेऊ नका. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, मग हजेरी कोणाला विचारणार? १ ते ५ गुणांची पट्टी वापरत असाल तर प्रत्येक गुणाचा अर्थ आधी लिहून काढा. ‘आठवड्यातून दोनच दिवस शाळा’ म्हणजे १, असं. नाहीतर ज्याचा जसा मूड, तसे गुण.

आणि डोळ्यांना दिसलं तेच लिहा. नागपुरात गिट्टीखदानच्या एका घरी आजी म्हणाल्या, “सगळं बरं हाये, मॅडम.” मी पाणी मागितलं. नातू आपणहून तांब्या घेऊन आला, जवळ टेकला. तीन महिन्यांपूर्वी तो दाराआड लपायचा. वहीत हेच उतरवलं; ‘मूल आनंदी आहे’ असं लिहिलं असतं तर कोणाला काय कळलं असतं?

फाइल बंद झाल्यावर, म्हणजे त्या घराचं काम संपल्यावर, सहा महिन्यांनी पुन्हा जा. भाड्याचं घर बदललेलं असतं, फोन लागत नाही. अशांना ‘भेट झाली नाही’ म्हणून वेगळं मोजा, यशस्वी म्हणून नाही. मी एका वर्षी त्यांना यशस्वीत धरलं होतं. अहवाल मोठा झकास दिसला होता.