डासाच्या मेंदूवर काम करायचंय? मग आधी मेंदू बाहेर काढायला शिका

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांतून झूऑलॉजी किंवा बायोटेक करून 'डेंग्यूच्या विषाणूने डासाचं वागणं बदलतं का' या विषयात शिरणाऱ्यांसाठी हे लिहितोय. विषय वेड लावणारा आहे. सुरुवातीला मात्र जीव मेटाकुटीला येतो, मलाही आला होता.

वाचायला बसलात की निष्कर्षांचा मेळच बसत नाही. 1995 च्या एका अभ्यासात बाधित एडिस इजिप्ती (डेंग्यू पसरवणारा डास) माद्यांच्या रक्त पिण्यात फरक सापडला नाही. 1997 च्या अभ्यासात त्यांना प्यायला जास्त वेळ लागला. 2022 मध्ये बाधित माद्या सावजाकडे जास्त ओढल्या जातात आणि जास्त वेळा सोंड खुपसतात असं दिसलं. त्याच वर्षी चीनमधल्या गटाने दाखवलं की बाधित उंदराच्या कातडीवरचे जिवाणू ॲसिटोफेनोन नावाचं वासाचं रसायन जास्त सोडतात आणि डास त्या वासाकडे जातात. म्हणजे बदल डासात झाला की सावजात, हे प्रयोग मांडतानाच ठरवावं लागतं. एवढ्याने खचू नका, सगळ्यांनाच इथे गोंधळायला होतं.

खरा खड्डा पुढे आहे. वागण्यामागचं मेंदूतलं रसायन, म्हणजे डोपामिन, मोजायचं म्हटलं की 'डोकी कापा, कुटा, मशीनला लावा' असा सल्ला मिळतो. मलाही हातात तसाच कागद मिळाला होता. असं अजिबात करू नका. कीटकाच्या अंगावरचं कवच रंगतं आणि घट्ट होतं त्या प्रक्रियेतही डोपामिन लागतं. अख्खं डोकं कुटलंत तर मेंदूच्या आकड्यात कवचाचा आकडा मिसळतो, आणि मग विषाणूने नेमकं काय बदललं हे देवालाही सांगता येणार नाही. म्हणून बर्फावर गार केलेली मादी घ्या, थंड सलाइनच्या थेंबात बारीक चिमट्याने कवच फाडा, डोळे आणि पांढऱ्या श्वासनलिका सोडवा. उरतो तो पांढुरका ठिपका, त्यात 2 लाखांच्या आसपास चेतापेशी. पहिले कितीतरी ठिपके फाटतील. फाटू द्या, हात बसतो.

तुलनेच्या माद्याही त्याच वयाच्या हव्यात, त्याच दिवशी विषाणू नसलेलं रक्त प्यालेल्या हव्यात, कारण पोट भरलं की मादी काही दिवस सावज शोधतच नाही. बाधित रक्त प्यालेली प्रत्येक मादी बाधित होत नाही; विषाणू आतड्यातच अडू शकतो. शेवटी एकेक मादी आरटी-पीसीआरने तपासा. विषाणू लाळग्रंथीत पोचायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात, तोवर घाई करून उपयोग नाही. वागणूक रोज ठरलेल्या वेळीच मोजा, एडिस सकाळी आणि संध्याकाळकडे जास्त हालचाल करतो.

माझं स्पष्ट मत: मोठ्या नावाचा गाईड शोधू नका, स्वतः चिमटा धरणारा धरा. तयार किटवर विसंबणाऱ्याच्या हातात पुढे काहीच राहत नाही.

विषाणूचं काम ठरलेल्या जैवसुरक्षा पातळीच्या प्रयोगशाळेतच होतं, त्यासाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेसारख्या ठिकाणी जावं लागेल. पण चिमट्याचा सराव घरच्या डासांवर होतो. कूलरच्या टाकीतल्या, नळ रोज येत नाही म्हणून भरून ठेवलेल्या ड्रममधल्या अळ्या गाळून आणा, जाळीच्या पिंजऱ्यात वाढवा. मे महिन्यात खान्देशची हवा कोरडी ठाक असते, तेव्हा पिंजऱ्यावर ओलं फडकं टाकायला विसरू नका, नाहीतर सकाळपर्यंत निम्मे डास मरून पडलेले दिसतील.