छोट्या तुकडीचा अभिप्राय: नाव न विचारणे पुरेसे नाही

जैववैद्यकीय संशोधनाच्या प्रशिक्षणाचा अभिप्राय गोळा करण्याचे काम बहुतेक ठिकाणी विभागातल्या सर्वांत कनिष्ठ सहायक प्राध्यापकाकडे किंवा प्रकल्प सहायकाकडे येते. खानदेशात ही जबाबदारी आता पूर्वीपेक्षा अधिक जणांवर येऊ लागली आहे. धुळ्याच्या जुन्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जोडीला जळगाव आणि नंदुरबार येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जैववैद्यकीय संशोधनाचा मूलभूत अभ्यासक्रम सक्तीचा झाला आणि आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) १९७९ पासून चालत आलेल्या अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेसाठी अर्ज करणारी मुले आपल्याकडेही दिसू लागली. प्रश्नावली म्हणजे काय, पाच पायऱ्यांची मोजपट्टी (एक म्हणजे सर्वांत कमी, पाच म्हणजे सर्वांत जास्त) कशी वापरतात, हे आपणांस ठाऊक आहे असे मी गृहीत धरतो. मला बोलायचे आहे ते आपल्याकडच्या तुकड्यांच्या आकाराविषयी, कारण दहा-बारा जणांच्या तुकडीत नाव न विचारताही माणूस ओळखू येतो.

मी स्वतः प्रशिक्षणार्थी असताना एका संस्थेत कार्यक्रमाच्या शेवटी अभिप्रायाचा निनावी अर्ज भरून घेतला गेला. पेशी-संवर्धनाच्या (प्रयोगशाळेत पेशी वाढवण्याच्या) खोलीत प्रत्यक्ष काम करण्याची संधी ठरावीक मुलांनाच मिळते आणि बाकीच्यांनी फक्त पाहायचे असते, असे मी त्यात लिहिले. नाव लिहिले नव्हते; मात्र लिंग, शिक्षण आणि मूळ जिल्हा हे तीन रकाने भरले होते. दुसऱ्या दिवशी माझे वाक्य मला जवळजवळ जसेच्या तसे ऐकवण्यात आले आणि त्यानंतर शिफारसपत्रासाठी मला जे हेलपाटे घालावे लागले, ते अजूनही मनातून गेलेले नाहीत. म्हणून पुढील भाग मी जरा लांबवणार आहे.

हिशेब साधा आहे. तुकडीत बारा जण आहेत असे समजा. लिंगाचे दोन पर्याय, शिक्षणाचे तीन (एमबीबीएस, एमएस्सी, पीएचडी) आणि जिल्ह्याचे तीन (जळगाव, धुळे, नंदुरबार) असे विचारले की एकूण अठरा खाने तयार होतात. माणसे बारा आणि खाने अठरा, म्हणजे बहुतेक खान्यांत एक जण असणार किंवा कोणीच नसणार. नंदुरबारहून आलेली पीएचडीची विद्यार्थिनी कोण, हे विभागातल्या प्रत्येकाला माहीत असते. संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० साली अमेरिकेच्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले होते की पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीन गोष्टींवरून तेथील सुमारे ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येऊ शकतात. कोट्यवधींच्या देशात ही स्थिती असेल, तर आपल्या बारा जणांच्या वर्गाविषयी वेगळे सांगायला नको. त्यामुळे वैयक्तिक माहितीचे रकाने सरळ काढून टाका. एखादा रकाना खरोखर हवाच असेल, तर त्यातल्या प्रत्येक पर्यायात किमान पाच माणसे आहेत का ते आधी मोजा आणि दोन रकाने एकत्र करून तक्ता कधीही छापू नका.

ओळख पटवणाऱ्या इतर वाटाही आहेत. गूगल फॉर्ममध्ये ईमेल पत्ता गोळा करण्याची सोय बंद आहे की नाही ते स्वतः तपासा, कारण संस्थेच्या खात्यावरून बनवलेल्या अर्जात ती चालू असू शकते. ती बंद असली तरी उत्तरांच्या तक्त्यात वेळेची नोंद होतेच. मुले प्रयोगशाळेतल्या एकाच संगणकावर एकामागून एक बसली असतील, तर वेळेवरून क्रम लावता येतो. कागदी अर्जात हस्ताक्षर असते, आणि ज्या मार्गदर्शकाने वर्षभर मुलांच्या नोंदवह्या तपासल्या आहेत त्याला हस्ताक्षर ओळखायला क्षणही लागत नाही. मोकळ्या उत्तरात 'शे' किंवा 'व्हतं' असे अहिराणी वळण आले आणि तुकडीत अहिराणी बोलणारा एकच असला, तर तेवढेही पुरते. म्हणून मोकळी उत्तरे मार्गदर्शकांपर्यंत मूळ शब्दांत पोहोचू देऊ नयेत. सांख्यिकी विभागातले किंवा शेजारच्या समाजकार्य महाविद्यालयातले कोणी, ज्याचा या मुलांच्या गुणांशी काही संबंध नाही, त्याने ती वाचावीत, आशय जपून नव्याने लिहावीत आणि मगच पुढे द्यावीत. मराठीत, अहिराणीत, पावरीत जसे सुचेल तसे लिहा, अशी मुभा मात्र जरूर द्या. इंग्रजीतच लिहा म्हटले की 'गुड प्रोग्रॅम' यापलीकडे हाती काही लागत नाही.

'माझी मुले मला सगळे तोंडावर सांगतात' असे अभिमानाने म्हणणारे मार्गदर्शक मी बरेच पाहिले आहेत. ते मनापासून बोलत असतील. पण ज्याच्या सहीवर प्रबंध, विद्यावेतन आणि शिफारस अवलंबून आहे, त्याला सगळे सांगितले जात नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी श्रेणीरचनेत खाली असलेल्या व्यक्तींना दडपणाच्या दृष्टीने असुरक्षित मानले आहे. त्या तत्त्वांचे पाठ आपण प्रशिक्षणात देतो, तेव्हा ती आपल्याच विद्यार्थ्यांना लागू करणे हे आपले कर्तव्य आहे.

अर्ज भरल्याशिवाय प्रमाणपत्र मिळणार नाही, ही पद्धत तर मला अजिबात मान्य नाही. त्यामुळे शंभर टक्के अर्ज जमतात आणि प्रत्येकावर वरपासून खालपर्यंत 'पाच' असतात. प्रमाणपत्र आणि विद्यावेतन आधी हातात द्या, मग अर्ज द्या. चार-सहा जण भरणार नाहीत, त्याने बिघडत नाही. अशा तुकडीत सरासरी काढून ४.६ की ४.४ हे सांगण्यातही अर्थ नाही. किती जणांनी काय निवडले तेवढे थेट लिहावे.

हे सारे वाचून धास्ती वाटली असेल, तर एवढे लक्षात घ्या की यातली बहुतेक दुरुस्ती दोन तासांत होते आणि तिला पैसा लागत नाही. आपली मुले बोलायला उत्सुक असतात, त्यांना फक्त खात्री हवी असते.

प्रश्नांबाबत एकच गोष्ट आवर्जून सांगतो. प्रशिक्षणापूर्वी 'तुम्हाला सांख्यिकी किती येते' असे विचारले की मुलगा पाचपैकी चार देतो. प्रशिक्षणानंतर पी-मूल्यासारख्या सांख्यिकीतल्या अवघड संकल्पनेचा खरा अर्थ कळला की तोच मुलगा तीन देतो, आणि कागदावर प्रशिक्षणाने ज्ञान घटलेले दिसते. त्याच्या मनातली मोजपट्टीच बदललेली असते. त्यामुळे शेवटी एकाच वेळी 'तेव्हा किती येत होते' आणि 'आता किती येते' असे दोन्ही विचारावे. त्यात प्रगती फुगवून सांगण्याचा धोका उरतो, म्हणून जोडीला प्रत्यक्ष काम द्यावे: मायक्रोपिपेटने (अगदी थोडा द्रव मोजून घेण्याच्या साधनाने) १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा घेऊन सूक्ष्म तराजूवर तोलायला सांगा. प्रत्येक वेळी सुमारे १०० मिलिग्रॅम भरायला हवे, आणि आकड्यांतला चढउतार हाताची तयारी कोणत्याही अर्जापेक्षा स्पष्ट सांगतो. अमेरिकेतले प्रशिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या ज्या चार पायऱ्या मांडल्या, त्यांत मुलांची पसंती ही केवळ पहिली पायरी आहे.

या अभिप्रायावर पुढे लेख लिहिण्याचा विचार मनात असेल, तर अभिप्रायाचे अर्ज वाटण्याआधीच नैतिकता समितीकडे (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीकडे) जा. अध्यापन पद्धतींच्या तुलनेसारख्या कामाला पूर्ण परीक्षणातून सूट मिळू शकते, पण ती सूट समितीने द्यायची असते, आपण गृहीत धरायची नसते, आणि माहिती गोळा झाल्यावर मागील तारखेने मान्यता मिळत नाही.

शेवटचे काम बहुतेक जण सोडून देतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर सिकलसेल तपासणीसाठी गेलेल्या मुलींनी राहण्याची सोय नाही असे लिहिले असेल, तर त्याचे काय झाले हे त्यांना कळवायला हवे, जरी त्या आता नोकरीला लागून पुण्या-मुंबईला गेल्या असल्या तरी. काय बदलले, काय बदलता आले नाही आणि का, असे एक पानभर लिहून जुन्या तुकडीला पाठवा आणि तेच पान नव्या तुकडीला पहिल्या दिवशी वाचायला द्या. नव्या मुलांचे अर्ज किती मोकळे येतील, हे बऱ्याच अंशी त्या पानावर ठरते.